पागी

माझ्याकडे आला तेव्हा तो कॅडी होता,
अठरा-एकोणीसचा, पायांत कुणा गिऱ्हाइकाचे जुने बूट,
पुढे कागद कोंबलेले.
गंमत म्हणून मी सात नंबरचं आयर्न त्याच्या हातात दिलं.
त्यानं ना वारा पाहिला, ना पाय जुळवले.
बॉल कुठे गेला ते मी नंतर पाहिलं,
आधी ऐकला तो आवाज:
शहाळ्यावर कोयता बसावा तसा,
एकच, आणि पुरे.

वर गेल्यावर त्याचे हात थांबायचे.
क्षणभरच. उजवा कोपर बाहेर फेकलेला,
क्लबचं डोकं हवेत एक लहानसा वेढा घ्यायचं
आणि मग खाली.
मी शिकलो त्यात कुठेच नव्हता तो वेढा.

म्हणालो, सोयरू, हे सुधारायला हवं.
'सुधारायला' हाच शब्द वापरला मी.
तो म्हणाला, "हय सर."

मग मोबाइल तिवईवर चढवला.
मणक्यावर लाल रेघ, खांद्यांवर पिवळी,
आणि कोपराभोवती एक गोल, चूक दाखवायला.
स्वतःला पाठीमागून
त्यानं तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.
"हांव असो दिसतां?" म्हणाला, आणि हसला.
त्यानंतर टीवर उभा असताना
तो हसलेला मला आठवत नाही.

काखेत टॉवेल. तो पडता कामा नये.
दोन पावसाळे आणि मधला एक उन्हाळा
टॉवेल पडला नाही.
स्विंग सुंदर झाला, खोटं कशाला बोलू,
चौकटीत घालून भिंतीवर लावावा असा.
उसन्या बुटांत अडुसष्ट मारणारा पोरगा
नव्या बुटांत एक्याऐंशी मारू लागला.
बॉलवर वाकला की ओठ हलायचे,
पाढा विसरलेल्या मुलासारखे:
मनगट, कोपर, कंबर, मनगट.
मी म्हणायचो, आधी बिघडतं, मग बसतं.
मलाही कुणीतरी असंच म्हणालं होतं.
माझा कोपर आजही सरळ आहे.
मी कधीच काही जिंकलो नाही.

तळपणला त्याच्या घरी गेलो एकदा,
स्पर्धेच्या फीचे पैसे परत द्यायला.
ओहोटी लागली होती. बाप गुडघाभर चिखलात,
पागेराची एक कड दातांत धरलेली,
बाकीचं जाळं हातावर.
तो कमरेतून वळला. हात वर गेला.
कोपर बाहेर.
क्षणभर थांबला,
जाळ्यानं हवेत एक वेढा घेतला
आणि नदीवर उघडलं, पूर्ण गोल,
शिशाच्या गुळ्या सगळ्या एकदम पाण्यात.

मी काठावर, हातात पाकीट.
आडनावातच तर होतं.
पागी, पागी, असं दोन वर्षं
मी स्कोअरकार्डांवर लिहीत आलो होतो.

बापानं जाळं त्याच्याकडे दिलं, सहजच,
दमल्यावर देतात तसं.
सोयरू उभा राहिला. पाय जुळवले.
ओठ हलले.
जाळं पडलं ओल्या गोणपाटासारखं,
एका जागी, पायाजवळ.
बाप रागावला नाही. ओढून घेतलं,
शेवाळ काढत बसला.
"आदीं येतालें ताका," एवढंच म्हणाला,
मला नव्हे, जाळ्याला सांगितल्यासारखं.

परतताना गाडी काजूच्या बागेपाशी थांबवली,
सगळे व्हिडिओ पुसले.
पुसून काय होतं.
दुसऱ्या दिवशी त्याला म्हणालो, सोयरू,
मी शिकवलं ते विसर. सगळं.
हवा तसा मार.
"हय सर," म्हणाला.

आता रोज पहाटे रेंजवर माझ्या आधी येतो.
दोनशे बॉल. काखेत टॉवेल नाही.
परवा जवळ आला,
क्लब पुसत, खाली बघत विचारलं,
"सर, विसरतना
कोपर खंय दवरूं?"